सहा की साठ?

"डॉक्टर, सहा की साठ?"

रात्रीचा सव्वा वाजला होता. माझ्या एका हातात इन्सुलिनची कुपी होती, दुसऱ्या हातात सिरिंज. अठरा वर्षांच्या नोकरीत इन्सुलिन किती वेळा भरलं असेल त्याला गणती नाही. जेवणाआधी कुणाला आठ युनिट, कुणाला बारा. साखर पार चढून शुद्ध हरपत चाललेला पेशंट आला, तरी पंपावर लावायचं ते ताशी किलोमागे एक दशांश युनिट. समोरच्या काकांचं वजन साठ किलो. म्हणजे माझ्या सवयीच्या हिशोबाने ताशी सहा. शिवाय काकांना मधुमेह नव्हताच.

"साठ," डॉक्टर म्हणाले. "किलोला एक, आत्ता एकदम. मग तासाला तेवढंच, पंपावर."

इन्सुलिनच्या बाबतीत आमच्याकडे नियम आहे. ऐकलेला आकडा परत म्हणून दाखवायचा, आणि भरलेली सिरिंज दुसऱ्या सिस्टरच्या डोळ्यांखालून घालायची. "साठ. सहावर शून्य," मी म्हटलं. "सहावर शून्य," त्यांनी मान हलवली. शेजारच्या बेडची सिस्टर आली, तिने सिरिंज दिव्याकडे धरून पाहिली आणि मग माझ्या तोंडाकडे पाहिलं. तिलाही तेच वाटलं असणार. एवढ्या इन्सुलिनने माणूस वाचतो?

हे लिहिण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करते. काकांचं गाव, त्यांची नाती, आणखी काही खुणा मी बदलल्या आहेत. त्यांनी कोणत्या नावाची गोळी घेतली आणि किती घेतल्या, हे मी लिहिणार नाही. ते ठाऊक असण्याची गरज त्या रात्री फक्त आम्हाला होती. वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या मनात आज जीव संपवण्याचं काही घोळत असेल, तर पुढचं वाचणं बाजूला ठेवा आणि आधी १४४१६ हा नंबर लावा. टेली-मानस म्हणतात त्याला, मनाच्या त्रासात बोलण्यासाठीची सरकारी मदतवाहिनी. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, रात्रीही चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. लेख कुठे जात नाही.

काका एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. कराड–चिपळूण रस्त्यावर, कुंभार्ली घाटातून, आयुष्याची बरीच वर्षं गाडी चालवलेली. बीपीच्या आणि हृदयाच्या गोळ्या गेली काही वर्षं चालू. मुलगा पुण्याला. घरात एकटे. संध्याकाळी शेजारची सून भाकरी-कालवण घेऊन गेली तर काका ओट्याजवळ बसलेले, चेहरा घामेजलेला, आणि गोळ्यांचा डबा उघडा. तिने आरडाओरडा केला नाही. रिकामी पाकिटं, उरलेल्या गोळ्या, डॉक्टरांची चिठ्ठी, सगळं तिने भाजीच्या पिशवीत भरलं. काकांना विचारलं, "काका, कधी घेतल्या?" वेळ ध्यानात ठेवली. मग नवऱ्याला हाक मारली.

त्या बाईचं शिक्षण किती ते मला माहीत नाही, पण त्या रात्रीचा पहिला उपचार तिने केला असं मी मानते. कारण आमच्यापुढे पेशंट येतो तेव्हा बहुतेक वेळा नुसतं एवढंच कळतं, की "काहीतरी घेतलंय". कोणती गोळी, लगेच विरघळणारी की हळूहळू सुटणारी, किती वाजता, या प्रश्नांच्या उत्तरांवर पुढचे चोवीस तास ठरतात. त्या पिशवीत ती उत्तरं होती.

वाटेत एका छोट्या दवाखान्यात त्यांचा पाऊण तास गेला. तिथे आधी मिठाचं पाणी पाजायचा प्रयत्न झाला. मग "पोलीस केस आहे, आम्ही हात लावणार नाही" असं झालं. मिठाच्या पाण्याने विष उतरत नाही. उलट उलटी फुफ्फुसात जायची भीती, आणि मीठ शरीरात वाढून वेगळाच घोळ. आणि पोलिसांचं म्हणाल, तर सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात १९८९ सालीच सांगून ठेवलंय, की आधी जीव वाचवायचा, कागद नंतर. हा निकाल मला नर्सिंगच्या वर्गात शिकवला होता. त्या दवाखान्यातल्या माणसांनाही कुणीतरी शिकवला असेलच. तो पाऊण तास मला अजून सलतो. शेवटी शेजाऱ्याने १०८ ला फोन केला आणि काका आमच्याकडे आले.

आले ते चालत. खरंच, स्ट्रेचर नको म्हणत होते. बीपी ११० वर, नाडी जरा मंद पण चालती. उशिराने का होईना, डॉक्टरांनी चारकोल द्यायचं ठरवलं. पोटातलं औषध शोषून धरणाऱ्या कोळशाच्या पुडीचा काळा चिकट घोट. काकांनी तो तक्रार न करता घेतला आणि रुमालाने मिशा पुसल्या. लाजल्यासारखे दिसत होते. "उगाच तुम्हाला त्रास," असं दोनदा म्हणाले. शेजारी मला बाजूला घेऊन विचारू लागला, "सिस्टर, तब्येत तर बरी दिसतेय. सलाईन लावून घरी नेलं तर? गावात बोभाटा नको."

हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकलाय. माणूस बरा दिसतो म्हणजे बरा असतो असं नाही. रोज एकच घ्यायची म्हणून बनवलेल्या काही गोळ्या दिवसभर थोडं थोडं औषध सोडत राहतात. त्यांचा खरा भार पोटात गेल्यावर कित्येक तासांनी समोर येतो. पहिले चार-पाच तास नुसतेच फसवे. म्हणून अशा पेशंटला आम्ही निदान चोवीस तास मॉनिटरवरून हलू देत नाही. हे घरच्यांना पटवणं हेही औषधाइतकंच काम आहे, आणि ते बहुतेक वेळा सिस्टरच्या वाट्याला येतं. मी शेजाऱ्याला म्हटलं, "दादा, घाट अजून लागलाच नाही. गाडी आत्ता स्टँडवरून सुटलीय." का कुणास ठाऊक, एसटीचीच भाषा तोंडात आली. त्याला ते समजलं.

बारानंतर घाट लागला. नाडी ५४, मग ४८, मग ४२. बीपी ९०, ८०, वरचं ७०. हातपाय गार पडायला लागले. कॅल्शियम दिलं, अॅट्रोपिन दिलं, नॉरअॅड्रेनलिनचा पंप लावला. प्रत्येक औषधाने काटा थोडा वर यायचा आणि परत बसायचा. मी बोटाला टोचून साखर पाहिली तर २८०. मधुमेह नसलेल्या माणसाची साखर २८०. डॉक्टरांनी तो आकडा ऐकला आणि एक क्षण गप्प झाले. मग फोन उचलून त्यांनी दिल्लीला लावला.

एम्समध्ये राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे. १८०० ११६ ११७. दिवसरात्र कुणीतरी फोन घेतं. आमच्यासारख्या तालुक्या-जिल्ह्याच्या ठिकाणी, जिथे विषशास्त्राचा तज्ज्ञ म्हणून वेगळा माणूस नाही, तिथे रात्री बारा-एकला हा नंबर म्हणजे मोठा आधार. डॉक्टर उभ्या उभ्या बोलत होते, केस पेपरच्या पाठीवर आकडे लिहून घेत होते. फोन ठेवला आणि मला इन्सुलिन भरायला सांगितलं.

का, ते मला नंतर नीट समजलं, आणि समजल्यावर आतून हललेच. हृदयाचा स्नायू आवळतो तो कॅल्शियमच्या जोरावर. प्रत्येक ठोक्याला पेशीच्या भिंतीतल्या बारीक दारांतून कॅल्शियम आत शिरतं. काकांच्या गोळ्या ही दारं थोडी लोटून घेण्याचं काम करतात. त्याने रक्तवाहिन्या सैलावतात, हृदयावरचा बोजा हलका होतो. रोजच्या मात्रेत ही गोळी म्हणजे माणसाची पाठराखीण. प्रमाण सुटलं की दारं घट्ट बंद. तशीच दारं स्वादुपिंडातही आहेत. ती बंद झाली की इन्सुलिन बाहेर पडत नाही, आणि रक्तातली साखर चढत जाते. इकडे हृदय संकटात सापडलेलं. एरवी ते बरंचसं चरबीवर चालतं, पण अडचणीत ते साखर मागतं. साखर तर रक्तात ओसंडून वाहतेय. ती आत नेणारं इन्सुलिनच नाही. कणगी भरलेली आणि चूल थंड, अशी गत.

म्हणून इन्सुलिन. साखर उतरवण्यासाठी नाही, हृदयाला घास भरवण्यासाठी. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या डॉक्टरांनी नव्वदच्या दशकात यावर आधी कुत्र्यांवर प्रयोग केले. १९९९ साली पेशंटवरचा अनुभव छापून आला. आज अशा विषबाधेत हा उपचार जगभर वापरतात. आणि यातली मला सगळ्यात भावलेली गोष्ट अशी, की यासाठी परदेशातून काही मागवावं लागत नाही. इन्सुलिनची कुपी प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाच्या फ्रिजमध्ये असते. ग्लुकागॉन नावाचं एक औषध पुस्तकात सांगितलेलं असतं, ते मी अठरा वर्षांत मोजून दोनदा पाहिलंय. ईसीएमओचं यंत्र, जे हृदय थकलं तर काही दिवस त्याचं काम स्वतः ओढतं, ते मोठ्या शहरांत. आमच्याकडे फ्रिजमधली कुपी होती.

डिजॉक्सिन नावाच्या हृदयाच्या एका जुन्या औषधाला मात्र अगदी नेमका उतारा सापडलाय. त्या औषधाचं मूळ फॉक्सग्लोव्ह नावाच्या झाडात. विल्यम विदरिंग नावाच्या इंग्रज डॉक्टरने १७८५ साली त्याच्यावर पुस्तक लिहिलं आणि त्यातच सांगून ठेवलं, की हेच औषध जास्त झालं तर विष. त्यानंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी, १९७६ साली, बॉस्टनच्या डॉक्टरांनी मेंढीच्या रक्तात तयार केलेली प्रतिपिंडं वापरून मरणाच्या दारातल्या माणसाला परत आणल्याचं प्रसिद्ध केलं. ही प्रतिपिंडं रक्तातलं औषध वेचून धरतात. वाचताना अंगावर काटा येतो. पण तो उतारा महाग, आणि जिथे लागतो तिथे बहुतेक नसतोच. काकांच्या गोळ्यांना असा एक उतारा कुठेच नाही. तिथे उतारा म्हणजे पहारा.

पहाटेपर्यंतचा पहारा सांगते.

इन्सुलिन गेलं की साखर कोसळू शकते. म्हणून शेजारी डेक्स्ट्रोजच्या, म्हणजे साखरेच्या पाण्याच्या बाटल्या, तेही घट्ट, हाताच्या शिरेत सोसणार नाही म्हणून मानेतून सेंट्रल लाइन टाकलेली. सुरुवातीला दर पंधरा मिनिटांनी बोटाला टोच, थेंब, पट्टी, आकडा, नोंद. साखर स्थिरावल्यावर अर्ध्या तासाने. इन्सुलिन पोटॅशियमलाही पेशीत ओढून नेतं, म्हणून त्याची तपासणी वेगळी. लघवी मोजायची. ईसीजी. पंपांचे आकडे. आणि इन्सुलिनचा गुण यायला अर्धा-पाऊण तास लागतो. तेवढा वेळ काटा जागचा हलत नाही आणि तरी धीर धरून तेच करत राहायचं. दीड वाजला, बीपी ७०. पावणेदोन, ७०. दोनला डॉक्टरांनी मात्रा दुप्पट केली.

आणि या सगळ्यात काका जागे होते.

हेही या विषबाधेतलं एक विलक्षण. दुसऱ्या कुठल्या आजारात बीपी एवढं उतरलं की माणूस बरळतो, ग्लानीत जातो. इथे काही पेशंट त्या बीपीलाही शुद्धीवर असतात, बोलतात. काका माझ्याशी बोलत होते. दर वेळी बोट पुढे करायचे, न सांगता. करंगळी झाली की अनामिका.

"वस्तीची गाडी ठाऊक आहे का सिस्टर?"

मी म्हटलं, सांगा.

"रात्री शेवटच्या गावाला मुक्काम. कंडक्टर आणि मी, दोघंच. गाडीतच झोपायचं. पावसाळ्यात टपावर नुसतं ताशा वाजल्यासारखं. झोप येत नाही. पण जागं राहायचं कारण असतं. साडेपाचला पोरं येतात, कॉलेजची. गाडी चुकली तर त्यांचा दिवस गेला."

मग थांबून, "आता साडेपाचला कुणी येत नाही."

मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. टोचायची वेळ झाली होती, मी बोट धरलं. ते जरा जास्त वेळ धरून ठेवलं एवढंच.

लोक कारण विचारतात म्हणून सांगते, हेच "कारण" होतं असं मी म्हणणार नाही. बायको दोन वर्षांपूर्वी गेलेली, झोप उडालेली, गुडघे, पैशाची एक कटकट, आणि बऱ्याच महिन्यांचं नैराश्य, जे कुणी ओळखलं नव्हतं. पेपरवाले एका ओळीत कारण देतात, ते मला कधीच खरं वाटत नाही. आमच्या मानसोपचारवाल्या मॅडम म्हणतात, एका धाग्याने दोर होत नाही.

मला इथे माझी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. नोकरीच्या पहिल्या वर्षी, चोवीस वर्षांची असताना, अशीच एक मुलगी आमच्या वॉर्डात आली होती. माझ्याच वयाची. वॉर्डात बाकीचे पेशंट खच्चून भरलेले, आणि कुणीतरी म्हणालं, "खरे आजारी खाली झोपलेत आणि हिने मुद्दाम केलंय." मी त्याला दुजोरा दिला. नळी घालताना तिला म्हणाले, "आईबापाचा तरी विचार करायचास." तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. तिथे होती ते तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. भूक लागली, दुखतंय, पाणी हवं, काहीच नाही. ती वाचली, घरी गेली. पण ज्या माणसाला कुणाशी तरी बोलण्याची सगळ्यात जास्त गरज होती, त्याचं तोंड मी एका वाक्यात बंद केलं होतं. आईबापाचा विचार तिने केला नसेल, हे मी कशावरून ठरवलं? या लोकांना पुष्कळदा वाटत असतं, की आपण गेलो तर घरच्यांचा भार उतरेल. विचार करतात म्हणून तर तिथवर येतात.

कायद्यालाही हे शहाणपण यायला वेळ लागला. मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ साली, मारुती दुबळ या पोलीस शिपायाच्या प्रकरणात, आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा सांगणारं ३०९ कलम घटनेविरुद्ध ठरवलं होतं. मनाच्या आजाराने त्रासलेल्या माणसाला शिक्षा करून काय साधणार, असा त्यामागचा विचार. पुढे १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका खटल्यात ते कलम परत उभं केलं. मग २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आला. त्याच्या ११५ व्या कलमाने सांगितलं, की असा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरायचं, त्याला शिक्षा नाही, आणि त्याची काळजी घेणं, उपचार आणि पुनर्वसन करणं सरकारचं कर्तव्य. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर ते जुनं सरसकट कलमच राहिलेलं नाही. आमच्याकडे एमएलसी रजिस्टरला, म्हणजे पोलिसांना कळवायच्या केसेसच्या वहीत, नोंद अजून होते. पण ती नोंद म्हणजे गुन्हा नव्हे, हे मी प्रत्येक नातेवाईकाला समजावते, कारण याच भीतीने लोक पेशंटला घरात दडवतात, गोळ्यांचं पाकीट लपवतात, "चुकून घेतल्या" म्हणतात, आणि आमचे मोलाचे तास जातात.

पावणेतीनच्या सुमारास बीपी ७८ दिसलं. मी कफ बदलून परत घेतलं. ८०. कुणाला सांगायला नको वाटलं, नजर लागेल म्हणून. सव्वातीनला ८६. चारला नाडी ५० वर गेली आणि हाताची बोटं किंचित कोमट लागली. तेवढ्यात साखर ९० वर घसरली, परत डेक्स्ट्रोज, परत टोच. साडेपाचला खिडकीबाहेर उजाडायला लागलं तेव्हा वरचं बीपी १०० होतं. इन्सुलिनच्या दोन कुप्या रिकाम्या झाल्या होत्या. काका झोपले होते, साधी झोप. मी उगाच दोनदा छातीची हालचाल पाहून आले.

सातला मुलगा आला, पुण्याहून गाडी मारत. पेशंटच्या खाटेजवळ येताच त्याच्या तोंडून तेच निघालं जे कुणाच्याही निघेल. "बाबा, का केलंत हो असं?" काकांनी डोळे मिटून घेतले. मी त्याला बाहेर नेलं, मावशींनी चहा आणला. तो रडला आणि मग रागावला, मग परत रडला. मी म्हटलं, "दादा, हा प्रश्न विचारायला महिने पडलेत. आज नुसतं जवळ बसा. मी आलोय, एवढं म्हणा." तो आत गेला. काय म्हणाला ते मी ऐकलं नाही. पडद्यामागून दिसलं ते इतकंच, की तो वडिलांच्या पायाशी बसून त्यांचे तळवे चोळतोय.

हँडओव्हर देऊन मी घरी गेले. इन्सुलिन पुढे आणखी एक दिवस चालू राहिलं, मग पायरीपायरीने उतरवलं. इन्सुलिन बंद केल्यावरही साखर पडू शकते, म्हणून डेक्स्ट्रोज आणखी काही वेळ. चौथ्या दिवशी काका खाटेवर बसून पेज प्यायले.

आमच्या बऱ्याच ठिकाणी गोष्ट इथे संपते. डिस्चार्ज कार्डावर "मानसोपचार ओपीडीत दाखवावे" अशी एक ओळ, आणि रामराम. ती ओळ बहुतेक लोक वाचत नाहीत, वाचली तर लाजेने जात नाहीत. माझा राग आहे या ओळीवर. ज्या माणसासाठी आपण रात्रभर पंधरा पंधरा मिनिटं मोजली, त्याला पुढच्या सहा महिन्यांसाठी एक ओळ?

या वेळी सुदैवाने मॅडमचा ओपीडीचा वार होता. त्या वॉर्डात आल्या, खुर्ची ओढून बसल्या आणि काकांना सरळ विचारलं, "मरणाचे विचार अजून येतात का?" मुलगा दचकला. असं विचारलं तर डोक्यात परत भरेल, असं वाटतं ना? तसं होत नाही. काकांनी सुटल्यासारखा श्वास सोडला आणि म्हणाले, "येतात. रात्री."

मॅडमनीच मला चेन्नईच्या कामाबद्दल सांगितलं. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत एक अभ्यास केला होता, त्यात भारतातलं ठिकाण चेन्नई, आणि तिथलं काम डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी सांभाळलेलं. आत्महत्येचा प्रयत्न करून तातडीच्या विभागात आलेल्या १८६७ माणसांना घेतलं होतं. अर्ध्यांना नेहमीचे उपचार. उरलेल्यांना त्यासोबत जाताना तासभर नीट बोलणं, आणि मग दीड वर्षात नऊ वेळा फोन किंवा भेट. कसे आहात, काही लागतंय का, एवढंच. २००८ साली निकाल छापून आले. नेहमीचे उपचार मिळालेल्यांत पुढे आत्महत्येने गेलेल्यांचं प्रमाण २.२ टक्के होतं, विचारपूस झालेल्यांत ०.२ टक्के. मी ते आकडे दोनदा वाचले. नऊ फोन. इन्सुलिनसारखंच हेही फ्रिजमध्ये ठेवलेलं होतं म्हणायचं, फक्त कुणी दार उघडत नव्हतं.

तेव्हापासून मी वहीत तारखा घालते. मोठ्या साहेबांची परवानगी काढली, समाजसेवा विभागातला एक मुलगा आणि मी मिळून फोन करतो. सगळे उचलत नाहीत. एकीच्या नवऱ्याने परत फोन करू नका म्हणून सुनावलं. पण बरेच जण उचलतात.

काकांचा प्रश्न दुसराही होता. हृदयाच्या गोळ्या बंद करता येत नव्हत्या. म्हणजे ज्या डब्याने घात केला तोच डबा घरात हवाच. डॉक्टरांनी औषधं बदलून शक्य तितकी सौम्य केली, आणि चिठ्ठी महिन्याऐवजी आठवड्याची. डबा शेजारणीकडे, हे मॅडमनी सुचवलं. मुलाला ते आवडलं नाही. "म्हणजे बाबांवर विश्वासच नाही असं होत नाही का?" मॅडम म्हणाल्या, ही लाट असते, येते आणि ओसरते, त्या वेळी हाताशी काही नसलं तर माणूस पलीकडे निघतो. श्रीलंकेचं उदाहरण त्यांनी दिलं. तिथे आत्महत्यांचं प्रमाण १९९५ च्या सुमाराला जगात अगदी वरच्या ओळीत होतं. सरकारने एकामागून एक अति विषारी कीटकनाशकांवर बंदी आणली, आणि वीस वर्षांत ते प्रमाण साधारण ७० टक्क्यांनी उतरलं. लोकांची दुःखं नाहीशी झाली नव्हती. हाताशी असलेलं विष कमी झालं होतं.

मुलगा ऐकत राहिला. मग काकाच म्हणाले, "असू दे तिच्याकडे. आणायला गेलो की चालणं तरी होईल."

आठवा फोन मी परवा केला. सकाळची वेळ होती, मागे भांड्यांचा आवाज. काकांनी नाव ओळखलं, "बोला सिस्टर" म्हणाले. मॅडमची औषधं चालू आहेत. झोप चारपर्यंत लागते, पूर्वी दोनला जाग यायची. वाईट विचार येतात का, मी सरळ विचारलं. गेल्या महिन्यात एक रात्र आला होता, म्हणाले, तेव्हा पोराला फोन लावला. तो शिव्या देत उठला, पण उठला. रविवारी शेजारीण सात खणांच्या डबीत गोळ्या भरून देते, आणि डबी रिकामी परत करायची नाही असं तिच्या सासूने बजावलंय, म्हणून ते डबीसोबत कधी परसातली मिरची, कधी शेवग्याच्या शेंगा नेतात. या रविवारी काय न्यावं ते सुचत नव्हतं, पाऊस लांबल्याने काहीच धरलं नाही. मी म्हटलं, कढीपत्ता न्या.

"तो तिच्याकडं आहे," काका म्हणाले. मग थोडा वेळ विचार करून, "बघतो. आळू आलाय जरासा विहिरीपाशी."